वॉरंटीत असूनही दुरुस्ती नाकारली? जॉब शीटपासून ग्राहक आयोगापर्यंत काय करायचं

दुकानदार म्हणतो, "आम्ही फक्त विकतो, सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटर म्हणतं, "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." कंपनीची हेल्पलाइन म्हणते, "सेंटरने सांगितलं तेच आमचं उत्तर." तिन्ही उत्तरं तोंडी असतात आणि खरी अडचण तीच आहे. अनेक तक्रारी पुढे आयोगात लंगड्या पडतात, कारण नकार कोणी, कोणत्या तारखेला आणि काय कारण सांगून दिला हे दाखवणारा कागदच ग्राहकाकडे नसतो. कायदा बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूचा आहे. त्याचा उपयोग व्हायचा तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट लेखी आणली पाहिजे. ही माहिती भारतातल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आहे.

वॉरंटी नेमकी कोणाची, ते आधी बघा

एकाच वस्तूवर तीन प्रकारची वॉरंटी असू शकते. उत्पादक कंपनीची, दुकानदाराने स्वतः दिलेली, आणि जादा पैसे भरून घेतलेली 'एक्स्टेंडेड वॉरंटी'. ही तिसरी बऱ्याचदा वेगळ्याच कंपनीची असते, तिचं प्रमाणपत्र वेगळं आणि अटीही वेगळ्या. बिलावर तिची ओळ असते, पण प्रमाणपत्र ईमेलवर येतं आणि उघडून पाहिलं जात नाही. ते शोधून ठेवा, कारण पहिलं वर्ष संपल्यावर तक्रार त्या कंपनीकडे करायची असते.

मग कार्डावर भागवार मुदत वाचा. फ्रिज किंवा एसीच्या जाहिरातीत कॉम्प्रेसरची दहा वर्षं ठळक छापलेली असतात. पूर्ण यंत्राला मात्र अनेकदा एकच वर्ष असतं, आणि गॅस भरणं, मजुरी, प्लास्टिकचे भाग त्यातून वगळलेले असतात. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची की इन्स्टॉलेशनच्या, हेही बघा. दोन्ही तारखांमध्ये अंतर असेल तर इन्स्टॉलेशनचा रिपोर्ट जपून ठेवा.

वस्तू भेट मिळाली असेल तरी काळजी नको. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहक आहे. पुढे विकण्यासाठी किंवा व्यापारी वापरासाठी घेतलेली वस्तू मात्र या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं शिलाई मशीन किंवा संगणक बसतो. तक्रारीत तसं स्पष्ट लिहावं लागतं.

दुकानदार हात झटकू शकतो का?

अर्धवट. कंपनीच्या वॉरंटीतली दुरुस्ती कंपनीचं अधिकृत सेंटर करतं, त्यामुळे दुकानदाराने सेंटरचा पत्ता दिला यात गैर काही नाही. पण विक्रीचा करार तुमचा त्याच्याशी झालेला आहे, पैसे त्याने घेतले आहेत. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये मालाच्या दर्जाबद्दल आणि तो कामाला योग्य असण्याबद्दल गृहीत धरलेल्या अटी आहेत, त्या विक्रेत्यावर येतात. शिवाय सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत धरतात, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य बिलावर छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी सुटत नाही. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे.

म्हणून वस्तू पहिल्या महिन्यातच बिघडली तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. "सेंटरला दाखवून या" असं म्हणत तो महिना निघून जातो.

इथे एक चूक वारंवार होते. लोक तक्रारीत 'उत्पादन दायित्वा'ची कलमं ८२ ते ८७ टाकतात. ती कलमं सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर लागतात. वस्तूचं स्वतःचं नुकसान 'हानी'च्या व्याख्येतून वगळलेलं आहे. वॉरंटीच्या साध्या भांडणात तीन शब्द धरून ठेवा: मालातला दोष, सेवेतली त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा.

नकाराची कारणं, आणि प्रत्येकावर काय विचारायचं

"पाणी गेलंय." मोबाइलमध्ये आत छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. काही मॉडेलमध्ये सिम ट्रे काढून खाचेत टॉर्च मारली की ती दिसते. फोन जमा करण्याआधीच तिचा फोटो काढून ठेवा. पट्टी लाल असली तरी त्यातून एवढंच कळतं की तिथपर्यंत ओल पोहोचली. तुमचा बिघाड त्याच ओलीमुळे झाला का, हा प्रश्न वेगळा. म्हणून बोर्डाचे फोटो मागा. पाण्याने खराब झालेल्या बोर्डावर जोडांपाशी हिरवट किंवा पांढरट थर दिसतो. तो कुठल्या भागावर आहे आणि बंद पडलेला भाग कोणता, हे लेखी द्यायला सांगा.

"बाहेरून मार लागलाय." वॉरंटीची अट साधारणपणे 'मार लागल्यामुळे झालेला' बिघाड वगळते. कोपऱ्यावर ओरखडा आहे म्हणून चार्ज न होणारी बॅटरी आपोआप वगळली जात नाही. मार आणि बिघाड यांचा संबंध काय, हे विचारा.

"व्होल्टेज कमीजास्त झालं." कोणता भाग जळला, त्याचा फोटो आणि सुटा केलेला भाग मागा. कार्डावर स्टॅबिलायझरची अट आहे का ते पाहा. असेल आणि तुम्ही तो लावला असेल, तर त्याचा जोडलेल्या अवस्थेतला फोटो काढा. एसी विकताना 'स्टॅबिलायझरची गरज नाही' अशी जाहिरात केली असेल, तर ती जाहिरात किंवा वस्तूवरचं ते स्टिकर तुमचा चांगला पुरावा आहे. कंपनीने व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, त्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेल्याचा आधार काय, हे तिला सांगू द्या.

"बाहेर उघडलंय, सील तुटलंय." खरोखर बाहेर दुरुस्ती करून घेतली असेल तर तुमची बाजू कमजोर होते, हे मान्य करून चाला. पण अनेकदा सील आधीच्या भेटीत कंपनीच्याच माणसाने तोडलेलं असतं. अशा वेळी जुन्या जॉब शीट (वस्तू जमा करताना सेंटर देतं तो नोंदीचा कागद) कामी येतात, म्हणून एकही फेकू नका.

"कार्डावर शिक्का नाही, बिल नाही." शिक्का मारणं दुकानदाराचं काम होतं. वस्तूचा सीरियल नंबर असलेलं बिल सगळ्यात महत्त्वाचं. ते हरवलं असेल तर दुकानदाराकडून प्रत मागा, त्याच्या जीएसटीच्या नोंदीत ती असायला हवी. सोबत यूपीआय किंवा कार्डाचं स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डरचं पान, खोक्यावरचं लेबल जोडा.

"मुदत संपली." तंत्रज्ञ कधी आला यापेक्षा तुम्ही तक्रार कधी नोंदवली, ती तारीख पकडा. शेवटच्या आठवड्यात बिघाड झाला तर फोनवर थांबू नका. ईमेल करा आणि तक्रार क्रमांकाचा एसएमएस जपा.

"पार्ट येत नाही." हा नकारच आहे, फक्त रोज नव्याने मिळणारा. पार्ट मिळण्याची तारीख लेखी मागा, आणि त्या तारखेनंतर वस्तू बदलून किंवा पैसे परत हवेत असं त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवा. सुटे भाग, सेवा केंद्रं आणि दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तिथे तुमच्या कंपनीचं पान आहे का ते बघा.

"आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं नाही." ऑनलाइन खरेदीत हे ऐकायला मिळतं. वस्तूच्या पानावर 'उत्पादकाची एक वर्ष वॉरंटी' असं लिहिलं होतं का? त्याचा स्क्रीनशॉट काढा, पान बदलायच्या आत. मग तक्रार विक्रेता आणि ई-कॉमर्स कंपनी दोघांवर जाते. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर असतो. चॅटवरच्या माणसाशी वाद घालत बसण्यापेक्षा थेट त्याला लिहा.

किती वेळा दुरुस्ती झाल्यावर वस्तू बदलून मिळते, असं बरेच जण विचारतात. कायद्यात असा आकडा नाही. पण तोच बिघाड पुन्हापुन्हा आला आणि प्रत्येक वेळची जॉब शीट हातात असली, तर दोष मुळातलाच आहे हे दाखवणं सोपं जातं.

जॉब शीट: सही करण्याआधीची पाच मिनिटं

पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त लक्ष या एका कागदावर द्या. काउंटरवर रांग असते, मुलगा घाईत टाइप करतो आणि टॅबवर बोटाने सही घेतो. तिथे थांबा आणि वाचा.

सीरियल नंबर किंवा आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक) बरोबर आहे का? बिघाड तुमच्या शब्दांत लिहिलाय का? 'फोन नीट चालत नाही' असं चालणार नाही. 'चार्जर लावल्यावर १० मिनिटांनी बंद होतो, गरम होतो' असं हवं. 'वस्तूची स्थिती' या रकान्यात 'ओरखडे, डेंट' असं ठरावीक वाक्य आपोआप पडलेलं असेल आणि ते खरं नसेल, तर खोडायला लावा. 'वॉरंटी स्थिती'पुढे 'वॉरंटीबाहेर' लिहून खर्चाचा अंदाज जोडला असेल, तर त्यावर नुसती सही म्हणजे पुढे 'ग्राहकाने मान्य केलं' असा मुद्दा त्यांना मिळतो. सही करावीच लागली तर खाली हाताने लिहा:

"वॉरंटीबाहेर असल्याचं कारण मला मान्य नाही. तपासणीचा अहवाल व फोटो मागितले आहेत. फक्त वस्तू जमा केल्याची सही. दिनांक, वेळ."

टॅबवर लिहायला जागा नसेल तर हेच वाक्य त्याच मिनिटाला सेंटरच्या ईमेलवर पाठवा. जॉब शीट द्यायलाच नकार दिला तर सेंटरच्या दारात उभं राहूनच ईमेल करा: आज इतक्या वाजता अमुक सेंटरवर गेलो, हे कारण सांगून दुरुस्ती नाकारली, जॉब शीट दिली नाही, यात काही चुकीचं असल्यास कळवावं. उत्तर आलं नाही तरी तारीखवार नोंद तयार झाली.

फोन किंवा लॅपटॉप देण्यापूर्वी बिघाडाचा व्हिडिओ काढा आणि त्यात सीरियल नंबर दिसू द्या. मग बॅकअप, मग रिसेट. क्रम उलटा झाला तर कधीकधी रिसेटनंतर बिघाड काही वेळ दिसत नाही आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा येतो.

फ्रिज बंद आहे, त्यात औषधं आहेत, थांबणं शक्यच नाही, अशी वेळ आली तर बाहेरून दुरुस्ती करावी लागते. तीन गोष्टी सांभाळा. कंपनीला आधी ईमेलने कळवा की अमुक वेळेपर्यंत कोणी आलं नाही तर नाइलाजाने बाहेरून दुरुस्त करून घेतोय. कारागिराकडून लेटरहेडवर बिघाडाचं कारण आणि बिल घ्या. काढलेला जुना भाग पिशवीत घालून ठेवा.

लेखी तक्रार

ईमेल दुकानदार, सेंटर आणि कंपनी अशा तिघांना एकत्र जाऊ द्या, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही. कंपनीचा तक्रारीसाठीचा पत्ता, फोन आणि ईमेल खोक्यावर छापलेला असतो, पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी तो बंधनकारक आहे. मजकूर छोटा ठेवा:

"विषय: वॉरंटीत दुरुस्ती नाकारल्याबाबत. मॉडेल, सीरियल नंबर, बिल क्रमांक, तारीख.

ही वस्तू मी वरील तारखेला रु. ______ देऊन घेतली. दि. ______ पासून ______ असा बिघाड आहे. दि. ______ रोजी ______ सेंटरवर जॉब शीट क्र. ______ ने जमा केली. '______' हे कारण देऊन दुरुस्ती नाकारली. हे कारण मला मान्य नाही, कारण ______.

माझी मागणी: (१) तपासणीचा लेखी अहवाल व फोटो द्यावेत. (२) १५ दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करावी, ती शक्य नसल्यास वस्तू बदलून द्यावी, तेही शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. तसं न झाल्यास ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन."

राग, धमकी, सोशल मीडियावर बदनामीचा इशारा यातलं काही नको. हाच ईमेल पुढे आयोगाच्या टेबलावर जाणार आहे. मोठ्या किमतीच्या वस्तूसाठी छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. पावती ठेवा आणि पोचल्याचं ट्रॅकिंगचं पान लगेच छापून घ्या. वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

१९१५ वर तक्रार

पंधरा दिवस गेले की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. क्रमांक १९१५, मराठीतही बोलता येतं. पोर्टल आणि ॲपवर कागद जोडता येतात, म्हणून शक्यतो तिथून करा. अनेक मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत. तक्रार थेट त्यांच्या वरच्या विभागात जाते आणि काउंटरवर अडलेली गोष्ट तिथे सुटते, हे पुष्कळदा घडतं. मर्यादा एकच: हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कंपनीने 'वॉरंटीबाहेर' असं उत्तर टाकून तक्रार बंद केली, तर ते उत्तर छापून ठेवा. लेखी नकार मिळाला की!

जिल्हा आयोगात

तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाते. भरपाई किती मागता यावर नाही, वस्तूला किती मोजले यावर हे ठरतं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, बिलावर 'न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर' असं छापलेलं असलं तरी. मुदत दोन वर्षांची. ती पहिल्या नकाराच्या तारखेपासून मोजून चाला. त्यानंतर ईमेल आणि स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

वकील लागतोच असं नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं किंवा आयोगाच्या कार्यालयात कागदावर. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत मराठीत तक्रार चालते. तक्रारीसोबत तारखांची यादी, बिल, वॉरंटी कार्ड, सगळ्या जॉब शीट, ईमेल, हेल्पलाइनचं उत्तर, फोटो आणि शपथपत्र लावा. ईमेल, स्क्रीनशॉट, व्हिडिओसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलेलं बरं, समोरच्याला हरकतीची जागा राहत नाही.

सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक तिघांनाही घ्या. फक्त दुकानदाराला घेतलं तर तो म्हणतो दोष उत्पादनाचा, आणि उत्पादक समोर नसतोच.

मागणी उतरत्या क्रमाने लिहा: दुरुस्ती, नाहीतर बदली, नाहीतर व्याजासह रक्कम. पंधरा हजारांच्या वस्तूवर पाच लाखांचा मानसिक त्रास मागू नका, खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं. पर्यायी वस्तूचं भाडं, रिक्षाचा खर्च, बुडालेली रोजी यांचे कागद असतील तेवढे जोडा.

दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज द्या. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. तोवर वस्तू कोणालाही उघडू देऊ नका, कारण तज्ज्ञाचा अहवालही नाही आणि वस्तू उघडलेली, अशा स्थितीत उत्पादनातला दोष सिद्ध करणं फार कठीण होतं.

सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तयारी ठेवा. तारखेला गैरहजर राहू नका, तक्रार त्यावरच काढून टाकली जाऊ शकते. लांब राहत असाल तर व्हिडिओवरून सुनावणीचा अर्ज करा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जरूर विचार करा, फक्त तडजोडीत मॉडेल, तारीख आणि नव्या वस्तूची वॉरंटी कधीपासून हे लिहून घ्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल, तर ४५ दिवसांत राज्य आयोगात जावं लागतं आणि आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भराव्या लागतात. अपीलही नाही, पैसेही नाहीत, असं झालं तर कलम ७१ खाली अंमलबजावणीची आणि कलम ७२ खाली शिक्षेची कारवाई मागता येते. कलम ७२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. त्या अर्जानंतर धनादेश सहसा हलतो. तो घेताना 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही करण्याआधी व्याज आणि खर्चाची रक्कम आदेशाशी ताडून बघा. कमी असेल तर 'अंशतः मिळाले' असंच लिहून द्या.